चाहूल टिपणारा कान

सरकारी रुग्णालयातल्या कान-नाक-घसा विभागाची सकाळ. कान फुटलेली लहान मुले, ‘बाबांना टीव्ही फार मोठा लागतो’ म्हणून मुलीने आणलेले गृहस्थ, मिरवणुकीत डीजेच्या भिंतीसमोर नाचून आलेला एक तरुण. याच रांगेत अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाचा एक विद्यार्थी बसला आहे. त्याच्या सॅकमध्ये वह्यांऐवजी भलामोठा हेडसेट आहे. तक्रारही खरे तर कानाची नाही, हेडसेटची आहे. ‘‘आधीचा खराब झाला. गेममध्ये समोरच्याची पावलंच ऐकू येईनात. म्हणून पैसे साठवून नवीन घेतला, महागातला. यातही तसंच. आणि आता हेडसेट काढून झोपलो तरी कुईंऽऽ असा आवाज येत राहतो.’’

कानाचा पडदा स्वच्छ, मळ नाही, जंतुसंसर्ग नाही. मग आवाजबंद खोलीत श्रवणचाचणी होते. कागदावर उमटलेली रेघ २००० हर्ट्झपर्यंत सरळ चालते, ४००० हर्ट्झजवळ खड्ड्यात पडते आणि ८०००ला पुन्हा वर येते. दोन्ही कानांत सारखीच. ही खाच डॉक्टरांच्या जुन्या ओळखीची आहे. भिवंडी-इचलकरंजीच्या मागांवर वर्षानुवर्षे राबलेल्या कामगारांच्या कानांत ती दिसते. एकोणीस वर्षांच्या मुलाच्या कानात ती दिसली की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: रोज किती तास, आणि किती मोठ्या आवाजात?

दोन्ही हेडसेट ठीकच होते. पावले ऐकू येईनात ती कानाला.

संगणकावरच्या गोळीबाराच्या गेममध्ये, म्हणजे ‘काउंटर-स्ट्राइक’ किंवा ‘व्हॅलोरंट’सारख्या खेळांत, डोळ्यांइतकाच कान खेळत असतो. भिंतीपलीकडून शत्रू येतो आहे, जिन्यावर आहे की खाली, त्याने बंदुकीत गोळ्या भरायला घेतल्या का, हे सगळे आवाजावरून कळते. मराठीत यासाठी ‘चाहूल’ असा नेमका शब्द आहे. चाहूल हा हळू आवाज. तो नीट ऐकू यावा म्हणून मुलगा आवाज वाढवतो. पण त्याच पट्टीवर बंदुकीचा आवाजही वाढलेला असतो, आणि तो थेट कानाशी फुटतो. म्हणजे आवाज ठरवला जातो पावलांच्या हिशेबाने आणि कानाला सोसावी लागते ती बंदूक. गेमसाठी हेडसेट निवडण्याचा सगळा प्रश्न या एका विसंगतीत सामावलेला आहे. ज्या हेडसेटमध्ये कमी आवाजातही चाहूल स्पष्ट लागते तो चांगला. खोक्यावर बाकी काहीही छापलेले असो.

कानाच्या आत शंखाच्या आकाराचा, पाटाण्याएवढा एक अवयव असतो, कॉक्लिया. त्यात प्रत्येक बाजूला सुमारे पंधरा हजार केशपेशी असतात. ध्वनीच्या लहरींनी त्यांचे सूक्ष्म केस वाकतात आणि त्यातून मेंदूकडे संदेश जातो. पक्ष्यांमध्ये या पेशी मेल्या तर नव्या येतात, माणसात येत नाहीत. जन्माला येताना जेवढ्या मिळाल्या तेवढ्यावर म्हातारपणापर्यंत भागवायचे. मोठ्या आवाजाने त्या आधी थकतात आणि मग मरतात. रात्रभर खेळल्यावर कान दडे बसल्यासारखे वाटतात आणि दुपारपर्यंत मोकळे होतात, ती थकव्याची अवस्था. ‘झालं बरं’ असे मुलांना वाटते. पण २००९ साली हार्वर्डमधल्या दोन संशोधकांनी उंदरांवर केलेल्या अभ्यासात दिसले की ऐकण्याची पातळी पूर्ववत झाली तरी केशपेशी आणि मज्जातंतू यांच्यातले जोड मोठ्या संख्येने कायमचे तुटलेले असतात. माणसात हे नेमके किती घडते यावर अजून वाद आहे. चाचणी अगदी नॉर्मल, पण गोंगाटात बोललेले कळत नाही, अशी तक्रार घेऊन येणारे रुग्ण मात्र डॉक्टरांना नवे नाहीत.

खाच ४००० हर्ट्झजवळच का पडते? कानाची नळी एका टोकाला बंद असलेल्या बासरीसारखी आहे; तिच्या लांबीमुळे ३००० हर्ट्झच्या आसपासचे आवाज ती स्वतःच मोठे करते, आणि इजा त्याच्या थोडी वरच्या पट्टीत होते. याच उंच पट्ट्यांत पावलांची करकर असते, वाळूवरची खसखस असते. मराठीतले स, श, च, ख, थ हे वर्णही बरेचसे याच भागात राहतात. तिथे खाच पडली की ‘सात’ आणि ‘हात’, ‘चार’ आणि ‘पार’ यांत गल्लत होऊ लागते. आवाज तर येतो, शब्द कळत नाहीत. गेममध्ये तेच झाले की मुलगा आवाज आणखी वाढवतो, आणि खाच आणखी खोल जाते.

आता थोडे आकडे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने मोठ्या माणसाने आठवड्याला ८० डेसिबलचा आवाज ४० तास ऐकला तर धोका कमी. लहान मुलांसाठी मर्यादा ७५ डेसिबल. डेसिबलचे गणित साधे नाही. दर तीन डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते, म्हणून वेळ निम्मा करावा लागतो. ८३ला २० तास, ८६ला १०, ८९ला पाच, ९२ला अडीच. हे आठवड्याचे तास आहेत, दिवसाचे नव्हेत. जानेवारी २०२४मध्ये ‘बीएमजे पब्लिक हेल्थ’ या नियतकालिकात नऊ देशांतल्या १४ अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध झाला. त्यातल्या एका अभ्यासात चार वेगवेगळ्या गोळीबाराच्या गेमचा हेडफोनमधला सरासरी आवाज साधारण ८५ ते ९१ डेसिबल भरला. अचानक होणाऱ्या स्फोटांसारख्या आवाजांची नोंद तर ११९पर्यंत गेली होती. हे अभ्यास फार मोठे नाहीत आणि अधिक पुरावा हवा, असे आढावा घेणाऱ्यांनीच म्हटले आहे. तरी बेरीज-वजाबाकी कुणालाही करता येते. रोज तीन तास म्हणजे आठवड्याला एकवीस तास. ८९ डेसिबलला परवानगी पाच तासांची.

अनेक स्मार्टफोन हल्ली हेडफोनमधला आवाज मोजून इशारा देतात. संगणकावर ही सोय सहसा नसते. ३ मार्च २०२५च्या जागतिक श्रवणदिनी जागतिक आरोग्य संघटनेने आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने व्हिडिओ गेमसाठी सुरक्षित श्रवणाचे मानक पुढे आणले. उपकरणांनी आणि गेमनी आवाजाची मात्रा मोजावी, सावध करावे, अशी त्यात अपेक्षा आहे. मानक ऐच्छिक असल्याने ते दुकानातल्या खोक्यावर दिसायला वेळ लागेल. तोवर ‘६० टक्क्यांच्या वर नको’ हा घरगुती नियमही संगणकावर लंगडा पडतो, कारण तिथे आवाजाच्या तीन-तीन चाव्या असतात: गेमची वेगळी, विंडोजची वेगळी आणि हेडसेटच्या वायरीवरची तिसरी. कशाचे साठ टक्के?

म्हणून खरेदीकडे वळताना पहिली गोष्ट: किती मोठा आवाज येतो हा हेडसेटचा गुण नव्हे. तो कुठलाही देतो. लॅमिंग्टन रोडवरचा दुकानदार ‘‘काका, बास बघा’’ म्हणत धडाधड गाणे लावून दाखवतो, ते गिऱ्हाइकाला गार करण्यासाठी ठीक आहे. गेमसाठी जादा बास हा उलट शत्रू. कॉक्लियात उंच स्वरांची जागा दाराशी आहे आणि खर्जाची आत टोकाला. खर्जाची लाट आत जाताना उंच स्वरांच्या जागेवरूनच पुढे सरकते आणि त्यांना झाकून टाकते. ही लाट कशी चालते हे दाखवणाऱ्या गेऑर्ग फॉन बेकेशी यांना १९६१चे नोबेल मिळाले. खेळणाऱ्याच्या भाषेत सांगायचे तर बॉम्बच्या घुमण्याखाली पावले बुडतात, आणि मग हात पुन्हा आवाजाच्या चावीकडे जातो. ५० मिलिमीटरचा ड्रायव्हर, २० ते २०,००० हर्ट्झ, रंगीत दिवे, यांपैकी कशानेही चाहूल जास्त चांगली लागत नाही.

‘७.१ सराउंड’चेही तसेच. आवाज कुठून आला हे मेंदू दोन कानांतल्या फरकावरून ओळखतो. डावीकडचा आवाज उजव्या कानात सेकंदाच्या साधारण दीड हजाराव्या भागाने उशिरा पोहोचतो, आणि मध्ये डोके आल्याने थोडा दबतोही. पुढचा-मागचा, वरचा-खालचा हा भेद बाहेरच्या कानाच्या पाळीवरच्या घड्या करून देतात. हेडफोनचा आवाज या घड्यांना वळसा घालून थेट आत जातो, त्यामुळे त्यांचे काम गणिताने करावे लागते. आजच्या अनेक गेममध्ये हे गणित आतच असते. सेटिंगमध्ये ते ‘एचआरटीएफ’ या नावाने सापडते. बहुतेक ‘७.१’ हेडसेटमध्ये स्पीकर दोनच असतात, बाकीचे सहा सॉफ्टवेअरमध्ये. गेमचे गणित आणि हेडसेटचे गणित एकाच वेळी चालू ठेवले की दिशा स्पष्ट होण्याऐवजी गढूळ होते. दोन्ही बाजू सारख्या वाजणारा साधा स्टिरिओ हेडफोन आणि गेममधली सोय चालू, एवढे पुरते. गाण्यांसाठी घेतलेला चांगला हेडफोन घरात असेल तर शर्टाला लावायचा छोटा माइक वेगळा घेऊनही काम भागते.

मग पैसे कशावर घालावेत? बाहेरचा गोंगाट अडवण्यावर आणि अंगाला, म्हणजे डोक्याला, बरा वाटण्यावर.

आपल्या घरांचे वास्तव असे की पाच नंबरवर फिरणारा पंखा, खिडकीखालचा रस्ता, शेजारचे बांधकाम, स्वयंपाकघरातला मिक्सर. या सगळ्यावर मात करायला मुलगा आवाज वाढवतो. परदेशी परीक्षणांत ‘ओपन-बॅक’, म्हणजे पाठीमागून जाळीदार असलेल्या हेडफोनची भरपूर स्तुती असते. त्यांत आवाज मोकळा, नैसर्गिक वाटतो हे खरे, कानाला घामही कमी येतो. पण ते शांत खोलीसाठी. आपल्याकडच्या दोन खोल्यांच्या घरात बाहेरचे सगळे आत येते आणि आतला गोळीबार अभ्यास करणाऱ्या बहिणीला ऐकू जातो. इथे ‘क्लोज्ड-बॅक’, म्हणजे बंद पाठीचा, कान पूर्ण झाकणारा हेडसेट बरा. कुशन कानाभोवती नीट चिकटले की बाहेरचा आवाज कमी होतो आणि तेवढ्याच प्रमाणात आतला कमी ठेवता येतो. पंख्याच्या घुंघुं आवाजावर नॉइज कॅन्सलेशन चांगले चालते, पण त्यासाठी बरेच पैसे मोजावे लागतात. पंखा दोनवर आणणे फुकट आहे. अर्थात बंद हेडसेट घातलेल्या मुलाला ‘‘कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद कर’’ असे सांगून बाहेर जाऊ नये.

चष्मा असणाऱ्याने चष्म्यासकट हेडसेट घालून बघावा. काडीमुळे कुशनला फट पडते आणि काडी कानामागे रुतते. दुकानात दोन मिनिटे नव्हे, दहा-पंधरा मिनिटे घालून ठेवावा. दुकानदार कंटाळला तर कंटाळू दे. घट्ट पकडीच्या हेडसेटने कपाळाच्या दोन्ही बाजू ठणकतात. दाबाने होणाऱ्या या डोकेदुखीला वैद्यकाच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात स्वतंत्र नाव आहे, आणि हेडसेट काढल्यावर तासाभरात ती थांबणे ही तिची खूण. ती असेल तर डोक्याच्या तपासण्या करत बसण्याआधी हेडसेट सैल करावा. डोक्यावर हेडसेटची खोक पडते, कवटी दबते, अशी भीतीही मुले बोलून दाखवतात. दबतात ते केस आणि कातडी. कवटी इतकी पोची नसते.

उकाडा हा आपला खास प्रश्न. रेक्झिनच्या कुशनखाली मुंबई-कोकणच्या दमट हवेत कान घामाने भिजतात आणि ओलसर कानात बुरशी आनंदाने वाढते. कान खाजणे, दडा, काळपट किंवा पांढरट कण, हे पावसाळ्यात नेहमीचे. कापडी कुशन हवेशीर, पण बाहेरचा आवाज थोडा जास्त आत सोडते. घामाळ मुलाला तरीही तेच बरे. तासाला पाच मिनिटे हेडसेट उतरवला तर केशपेशींना विसावा आणि कानाला वारा, दोन्ही मिळते. गेमिंग कॅफेतला चौघांच्या कानावरून फिरलेला हेडसेट पुसून घ्यावा, जमल्यास स्वतःचा न्यावा. कान खाजला म्हणून काडी, किल्ली, कोमट तेल यांपैकी काहीही आत जाता कामा नये. तेलाने बुरशी मरत नाही. कानात खोचायच्या इअरबडनी मळ आत ढकलला जातो, म्हणून रोजच्या दोन-तीन तासांच्या खेळासाठी कानावरचा हेडसेट अधिक बरा.

वायरलेस की वायरचा? ब्लूटूथच्या लहरींनी मेंदूला काही होते का, असे पालक नेहमी विचारतात. ब्लूटूथची शक्ती कानाला लावलेल्या मोबाइलपेक्षा खूपच कमी असते. भीतीचे कारण नाही. खेळापुरती अडचण वेगळी आहे. साध्या ब्लूटूथमध्ये आवाज उशिरा पोहोचतो आणि माइक चालू केला की आवाजाचा दर्जा टेलिफोनइतका खाली येतो. अस्पष्ट झाले की पुन्हा तेच, आवाज वाढव. यूएसबीत छोटा डोंगल लावून चालणारा वायरलेस किंवा सरळ वायरचा घ्यावा. माइकमध्ये बोललेले स्वतःलाही थोडे ऐकू येण्याची सोय, ‘साइडटोन’, असेल तर उत्तम. बंद कानांनी माणूस नकळत ओरडून बोलतो, आणि समोरच्याच्या कानावर तो ओरडा पडतो.

आता घरी आल्यावरचे काम, आणि खरा फायदा त्यातच आहे. गेममध्ये सरावाचे मैदान असते. तिथे जाऊन सर्वांत मोठ्या बंदुकीचा बार काढावा आणि तो कानाला सुखावह वाटेल, दचकवणार नाही, इथे आवाज थांबवावा. पावलांच्या हिशेबाने नव्हे, बंदुकीच्या हिशेबाने. मग गेमचे संगीत शून्यावर, सवंगड्यांचे बोलणे कमी. काही गेममध्ये ‘नाइट मोड’ किंवा ‘डायनॅमिक रेंज’ नावाची सोय असते, अनेक संगणकांवर विंडोजच्या ध्वनी सेटिंगमध्ये ‘लाउडनेस इक्वलायझेशन’ असते. त्याने मोठे आवाज दबतात आणि बारीक आवाज उचलले जातात. काही खेळाडूंना त्यात अंतराचा अंदाज चुकल्यासारखे वाटते. चार दिवस खेळून बघावे. खिडकी लावावी. पहिले दोन-तीन दिवस सगळेच मिळमिळीत वाटेल. मोठ्या आवाजाला सरावलेल्या कानाला तसे वाटतेच.

हेडसेट बिघडला की कान, हे घरच्या घरी ओळखता येते. एका बाजूने कमी ऐकू येत असेल तर हेडसेट उलटा घालावा, डावा उजवीकडे. कमजोरी हेडसेटबरोबर दुसऱ्या बाजूला गेली तर दुकानात जावे. ती त्याच कानात राहिली तर रुग्णालयात. खेळल्यानंतर कानात वाजणे दुसऱ्या दिवशीही थांबले नाही, तर तपासणी करावी. आणि एका कानाचे ऐकू येणे एकाएकी गेले, मग कारण काहीही असो, तर ती तातडीची बाब आहे: त्यावरची स्टिरॉइडची औषधे पहिल्या काही दिवसांत सुरू झाली तर फायद्याची शक्यता जास्त. दडा बसला असेल म्हणून आठवडा काढणारे रुग्ण तो फायदा घालवून येतात. राष्ट्रीय बधिरता प्रतिबंध व नियंत्रण कार्यक्रम २००६पासून सुरू आहे आणि अनेक जिल्हा रुग्णालयांत श्रवणचाचणी होते. तिला अर्धा तासही लागत नाही, दुखत तर मुळीच नाही.

त्या विद्यार्थ्याने विचारले ते कुणीही विचारील तेच. ‘‘गोळ्यांनी भरून येईल ना?’’ खाच भरून आणणारी गोळी अजून नाही, हे त्याला सांगावे लागले. ती आणखी खोल न जाऊ देणे त्याच्या हातात आहे. कुईं आवाज बऱ्याच जणांत काळानुसार मागे पडतो, मेंदू त्याला सरावतो. तोवर रात्री अगदी शांत खोलीत झोपण्यापेक्षा पंख्याचा आवाज असू द्यावा. खेळताना नको असलेला पंखा इथे कामी येतो. पहिले काही आठवडे हेडसेटला पूर्ण सुट्टी, नंतर बंदुकीच्या हिशेबाने आवाज, आणि सहा महिन्यांनी पुन्हा चाचणी.

उठता उठता श्रवणतज्ज्ञ बाईंनी सहज विचारले, ‘‘आधीचा, तो खराब झालेला हेडसेट टाकून दिलास का रे?’’

‘‘नाही. धाकट्या भावाला दिला. आठवीत आहे तो.’’

‘‘त्याला पावलं ऐकू येतात?’’

मुलगा थोडा वेळ गप्प राहिला. ‘‘त्याला सगळंच ऐकू येतं,’’ तो म्हणाला.

पुढच्या वेळी येताना त्या दोघांनाही बोलावले आहे.